घर विकावयाचे तर आधी अंगण पाहावे

शेतकरी कुटुंबावर राहते घर विकण्याची वेळ सुखासुखी येत नाही. मुले नोकरीनिमित्त शहरात स्थिरावलेली असतात, भावाभावांत वाटण्या झालेल्या असतात, मुलीचे उच्च शिक्षण किंवा घरातील मोठे आजारपण समोर उभे असते. अथवा शेतावर नवे घर बांधून गावठाणातील जुने मोकळे करावयाचे असते. कारण कोणतेही असो, जमिनीच्या खालोखाल शेतकऱ्याजवळ असणारी मोठी मत्ता म्हणजे त्याचे घर. त्याची विक्री आयुष्यात बहुधा एकदाच होते आणि तीत झालेली चूक पुढच्या हंगामात भरून काढता येत नाही.

बैल बाजारात न्यावयाचा असला तर हाच शेतकरी महिनाभर आधीपासून त्याला पेंड चारतो, खरारा करतो, धुऊन-पुसून उभा करतो. घर दाखविताना मात्र अंगणात गुडघाभर गवत, दाराशी उकिरडा आणि पायरीशी चिखल अशा स्थितीत तो गिऱ्हाईक आणतो. गिऱ्हाईक उंबरठा ओलांडण्यापूर्वीच मनाशी किंमत उतरवून बसते. मग आतील सागवानी तुळया दाखविल्या, माळ्याची मजबुती सांगितली, तरी उतरलेला भाव सहसा वर चढत नाही.

ही उणीव आता अनेकांच्या ध्यानात येऊ लागली आहे. परंतु तिच्यावर जो उपाय केला जातो तो बहुधा उफराटा असतो. घर दाखविण्याच्या आदल्या आठवड्यात चार कुंड्या आणावयाच्या, अंगणभर पेव्हर ब्लॉक बसवून घ्यावयाचे, भिंतीला भडक रंग द्यावयाचा, की झाले अंगण. हे बैलाची शिंगे रंगविण्यासारखे आहे. बाजारातला जाणता माणूस शिंगांचा रंग पाहत नाही. तो दात पाहतो आणि चार पावले चालवून पाहतो. घराच्या बाबतीत अंगण म्हणजे बैलाचे दात होत. त्यावरून घराचे वय, आरोग्य आणि धन्याची निगा ही तिन्ही कळतात. म्हणून अंगणाची सुधारणा ही सजावट नसून दुरुस्ती आहे, आणि तिचा क्रम पाणी, सावली, हद्द आणि सर्वांत शेवटी फुले असाच असावयास हवा.

गिऱ्हाईक कोण आणि ते काय पाहते

महाराष्ट्रात शेतजमीन सामान्यतः शेतकऱ्यालाच विकत घेता येते. गावठाणातील घराला हे बंधन नाही. त्यामुळे गावठाणातील घराला भाऊबंद आणि शेजारी यांच्याखेरीज शिक्षक, निवृत्त नोकरदार, लहान व्यापारी, मुंबई-पुण्याहून गावाकडे परतू पाहणारी माणसे असे नाना तऱ्हेचे गिऱ्हाईक असू शकते. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी होऊन घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या. अशा घराची हद्द आणि क्षेत्रफळ कागदावर आले, त्यामुळे परक्या माणसालाही व्यवहाराचा धीर येऊ लागला.

भाऊबंदाला घराचा इतिहास ठाऊक असतो. परक्या माणसाला तो अंगणावरून वाचावा लागतो. जोत्याच्या दगडांवर ओलीचा पट्टा किती उंच चढला आहे, भिंतीच्या पायथ्याशी शेवाळ आहे काय, कोपऱ्यात तिरकी भेग गेली आहे काय, समोरचा रस्ता अंगणाहून उंच तर नाही ना, सांडपाणी कोणत्या दिशेने जाते, हे तो न विचारता पाहतो. या सर्व प्रश्नांचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे पाणी.

पाणी प्रथम

हजार चौरस फुटांचे छप्पर असलेल्या दुपाखी घरावर दोन इंच पाऊस पडला, तर त्या छपरावरून सुमारे साडेचार हजार लिटर पाणी खाली येते. त्यातील निम्मे, म्हणजे दीडशे बादल्या पाणी, पुढच्या अंगणात उतरते. ते जोत्याशी थांबले तर भिंतीत चढते. अंगणाबाहेर गेले तर घर कोरडे राहते. दोन्ही घरे एकाच गवंड्याने, एकाच दगडाची बांधलेली असली, तरी वीस वर्षांनी त्यांच्या किमतीत अंतर पडते ते यामुळे.

यास्तव अंगणाच्या सुधारणेचा आरंभ उतार काढण्यापासून करावा. जोत्यापासून बाहेरच्या बाजूस दर दहा फुटांना तीन ते सहा इंच इतका उतार पुरेसा होतो. लांब पाइपात पाणी भरून गवंडी पातळी काढतात, त्याच पद्धतीने तो कोणासही मोजता येतो. पागोळ्या जेथे पडतात तेथे दीड फूट रुंदीची दगडी पट्टी व उथळ पन्हळ करावी, म्हणजे माती उडून भिंतीवर शिंतोडे बसत नाहीत. काळ्या जमिनीत वरची चिकण माती काढून मुरूम पसरावा, पाणी मारून धुमसाने ठोकून घ्यावा. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर केलेले कोणतेही फरसबंदीचे काम दोन वर्षांत वर-खाली होते.

पेव्हर ब्लॉकविषयी येथेच स्पष्ट बोलले पाहिजे. पायवाटेपुरते ते उपयोगी आहेत. परंतु संपूर्ण अंगण त्यांनी झाकताना जुन्या थरावर नवा थर चढतो, अंगण चार-सहा इंच उंच होते आणि जोते तितकेच बुडते. कित्येक गावांत रस्त्यावर सिमेंटचे थर चढत गेल्यामुळे घरे आधीच रस्त्याच्या खाली गेली आहेत. त्यात अंगणही उंचावले, तर पहिल्या मोठ्या पावसात पाणी ओसरीवर येते. जाणते गिऱ्हाईक ब्लॉकचा रंग पाहत नाही, उंबरठा व अंगण यांतील अंतर पाहते. रस्ता उंच झालाच असेल तर अंगणाच्या बाहेरच्या कडेने आडवी नाली खोदून रस्त्याचे पाणी तेथेच वळवावे आणि ती गावच्या गटारास जोडून घ्यावी.

सांडपाण्यासाठी शोषखड्डा हवा. सुमारे तीन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन खाली मोठे दगड, त्यावर लहान दगड व विटांचे तुकडे भरले की लहान कुटुंबाच्या सांडपाण्याची सोय होते. तो जोत्यापासून किमान दहा फूट आणि विहिरीपासून पन्नास फूट दूर असावा. जेथे काळ्या चिकण मातीत पाणी मुरतच नाही तेथे शोषखड्डा तुंबतो. अशा ठिकाणी सांडपाणी केळी, अळू, कर्दळ यांच्या वाफ्यात सोडणे अधिक हितावह. राज्यात २०००-०१ साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने अनेक गावांच्या दारातील सांडपाणी हटविले. ज्या घरी ती शिस्त टिकली, त्या घरी विक्रीच्या वेळी वेगळी धावपळ करावी लागत नाही.

उकिरडा दारातून हलविणे हे तर पहिल्या दिवसाचे काम. शेणखत ही संपत्ती आहे, पण तिची जागा घरामागे किंवा शेतावर आहे. पुसदच्या पांढरीपांडे यांच्या नावावरून ओळखली जाणारी दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच अशी नाडेप टाकी परसात बांधली, तर दारची घाण जाते आणि खतही सुधारते. घर विकले जाईपर्यंत हा लाभ कुटुंबालाच होतो.

सावली एका पावसाळ्यात उगवत नाही

अंगणातील जुना वृक्ष ही पैशाने तत्काळ न मिळणारी वस्तू आहे. भिंत पंधरवड्यात बांधता येते. पंचवीस वर्षांचा आंबा पंचवीस वर्षांनीच मिळतो. असे असता, घर मोकळे दिसावे किंवा लाकडाचे चार पैसे यावेत म्हणून विक्रीपूर्वी झाड तोडण्याची चाल काही ठिकाणी आहे. ती तोट्याची आहेच, शिवाय अडचणीचीही आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ याच्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, साग, हिरडा, खैर इत्यादी झाडे आहेत व ती तोडण्यास परवानगी लागते. परवानगीवाचून पडलेले झाड व्यवहाराच्या ऐन वेळी वादाचे कारण होऊ शकते. छपरावर टेकणाऱ्या व वाळलेल्या फांद्या रीतसर छाटून, बुंध्याभोवती दगडी पार बांधून तेच झाड राखले, तर भर उन्हाळ्यात आलेले गिऱ्हाईक प्रथम त्याच्या सावलीत उभे राहते. सावलीत उभा राहून माणूस घराकडे निवांतपणे पाहतो, उन्हात उभा राहून घड्याळाकडे.

प्रत्येक झाड मात्र राखण्यासारखे नसते. जोत्याच्या सांध्यात उगवलेले पिंपळाचे किंवा उंबराचे रोप लहान असतानाच मुळासकट काढावे. पुढे ते दगड फोडते. शेवगा उपयोगी व लवकर वाढणारा, परंतु ठिसूळ. त्याच्या फांद्या वादळात कौलांवर पडतात, म्हणून त्याची जागा परसात. नारळ वाटेच्या कडेला नको. लहान मुले व गुरे जेथे वावरतात तेथे कण्हेर नको, कारण तिचे सर्वांग विषारी आहे. आंबा, फणस यांसारखे मोठे होणारे वृक्ष नव्याने लावावयाचे तर भिंतीपासून पंचवीस-तीस फुटांवर, तीन फुटांच्या चौरस व तितक्याच खोल खड्ड्यात, शेणखत व पोयटा भरून लावावेत. जागा अपुरी असेल तर पारिजातक, बकुळ, लिंबू, डाळिंब, कढीपत्ता ही झाडे लहान अंगणास अधिक शोभतात. राज्यपुष्पाचा मान असलेले ताम्हण उन्हाळ्यात जांभळ्या फुलांनी भरते. अंगण मोठे असल्यास त्याचाही विचार करावा.

प्रदेशाप्रमाणे अंगणाचे रूप बदलते, आणि ते बदललेलेच बरे. कोकणात सारवलेले खळे, त्यावरचा मांडव आणि चिऱ्याचा गडगा हेच घराचे वैभव. देशावर ओसरीपुढील मुरुमाचे अंगण, तुळशीवृंदावन व दारातील कडुनिंब. शहरातील बंगल्याची नक्कल करून यांतील कोणतेही अंगण सुधारत नाही. गावात घर घेणारा माणूस गावातले घर पाहण्यासाठी आलेला असतो; त्याला शहराची अपुरी प्रत दाखविण्यात हशील नाही.

हिरवळीचा हिशेब

नकलेतील सर्वांत खर्चिक वस्तू म्हणजे विकतच्या गवताची हिरवळ. एक गुंठा, म्हणजे सुमारे शंभर चौरस मीटर हिरवळीस उन्हाळ्यात दररोज पाच मिलिमीटर पाणी द्यावयाचे ठरविले, तर ते पाचशे लिटर होते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. म्हणजे नऊ माणसांचे पाणी एका गुंठ्याच्या गवताने प्यावयाचे. ज्या गावात वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते त्या गावात अशी हिरवळ पाहून गिऱ्हाईक खूष होणार नाही. ती जगवावयाची कशी, या विवंचनेत पडेल. पाणी न मिळाल्यास तीच हिरवळ महिन्यात पिवळी पडून घराची अवकळा दाखविते.

त्याऐवजी कमी पाण्यावर तग धरणारी, आणि जागच्या जागी मिळणारी झाडे लावावीत. कुंपणास मेंदी किंवा अडुळसा; दाराच्या दोन्ही अंगांस जास्वंद व तगर; खिडकीशी मोगरा; ओल्या कडेला गवती चहा; उन्हाच्या कोपऱ्यात कोरफड. यांतील पुष्कळशी झाडे शेजाऱ्याच्या फांदीवरून, फुटव्यावरून किंवा गड्ड्यावरून होतात व त्यांस खर्च येतो तो केवळ श्रमाचा. श्रावणाच्या सुमारास झेंडूची रोपे लावली, तर दसऱ्यास अंगण फुललेले असते. गुलबक्षीचे बी एकदा पडले की ती बहुधा दर पावसाळ्यात आपणहून उगवते. मात्र गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी मुळासकट उपटावे. १९५० च्या दशकात पुण्यात आढळलेले हे तण आज गावोगावी पसरले आहे, व दारात ते माजलेले दिसले की घराकडे कोणी पाहत नसावे असा समज होतो.

हद्द आणि सचोटी

अंगणाची हद्द संदिग्ध असेल तर फुले कितीही लावली तरी व्यवहार अडतो. पुढे वाढविलेला ओटा, रस्त्यावर आलेली पायरी, शेजाऱ्याच्या जागेत सरकलेले कुंपण, या गोष्टी गिऱ्हाइकाच्या वकिलाला आधी दिसतात. मिळकत पत्रिका व ग्रामपंचायतीचा नमुना क्रमांक ८ यांतील नोंदी प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहाव्यात, आणि वाढीव भाग असेल तर तो आपणहून काढून घ्यावा. चार फूट ओटा कमी झाल्याने घराची किंमत कमी होत नाही. भांडण विकत घ्यावे लागेल या भयाने ती कमी होते. शेजाऱ्याच्या समक्ष हद्दीच्या खुणा पक्क्या करून त्यावर मेंदीचे कुंपण लावले, तर ते कुंपण कागदाइतकेच बोलके होते.

सचोटीचा आणखी एक प्रश्न आहे. भिंतीची ओल कुंड्यांच्या रांगेमागे झाकणे, भेगेवर वेल चढविणे, तुंबलेल्या शोषखड्ड्यावर माती टाकून वाफा करणे, असे उपाय सुचविणारे सल्लागार प्रत्येक गावात भेटतात. त्यांचा सल्ला अनीतीचा तर आहेच, पण व्यवहारदृष्ट्याही आंधळा आहे. गावातील व्यवहार खरेदीखतावर संपत नाही. घेणारा माणूस त्याच गावात राहावयास येतो, विकणाऱ्याची शेती त्याच शिवारात असते, आणि पहिल्या पावसात उघडी पडलेली फसवणूक चावडीवर, देवळात व बाजारात सांगितली जाते. दोष दुरुस्त करता येत असेल तर करावा. नसेल तर दाखवून सांगावा. सांगितलेला दोष एकदाच किंमत कमी करतो, लपविलेला दोष माणसाची पत घालवितो.

एक आक्षेप

जे घर सोडावयाचे त्यावर खर्च का करावा, असा प्रश्न विचारला जातो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. कर्ज काढून अंगण सजविणे हे अविचाराचेच होय. तो पैसा वसूल होईलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. परंतु वर सांगितलेल्या कामांतील बराच भाग कुदळ, घमेले व घरच्या माणसांचे हात यांवर भागतो. शिवाय घर विकण्यास वर्ष-दोन वर्षे लागू शकतात, आणि कित्येकदा ते विकलेही जात नाही. तेवढा काळ कोरडी भिंत, स्वच्छ दार व लिंबाचे झाड यांचा उपभोग कुटुंबच घेते. घेणारा आपल्या आवडीप्रमाणे फुलझाडे बदलील, हे खरे. पण जोत्यापासून दूर जाणारे पाणी पुन्हा जोत्याकडे वळविण्याची आवड कोणासही नसते.

यासाठी कामाचा काळ मात्र साधला पाहिजे. चैत्र-वैशाखात उतार, मुरूम, पन्हळ व शोषखड्डा, मृगाच्या पहिल्या सरींत पाणी कोठे थांबते ते पाहून तेथे खुणेची काठी रोवणे व उघडीप मिळताच दुरुस्ती, आषाढात झाडे व कुंपण, श्रावण-भाद्रपदात निंदणी, दसऱ्यापूर्वी जोत्याची डागडुजी व चुन्याचा हात. असे एक वर्ष हाती असेल तर घाई करावी लागत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्याने शेतकऱ्याला बांधबंदिस्ती शिकविताना जे सांगितले, तेच त्याच्या दारात सांगावयाचे आहे. चालते पाणी थांबवावे आणि थांबलेले वाहते करावे, एवढाच शेत व अंगण यांच्या गणितातील फरक. घर विकणाऱ्या कुटुंबास दलालाच्या आधी या कार्यकर्त्याचा सल्ला मिळाला, तर त्या घराची योग्य किंमत येण्यास मोठेच साहाय्य होईल.

घर दाखविण्यासाठी लोक दसरा-पाडव्याचा मुहूर्त धरतात. त्या वेळी हवा कोरडी असते व सर्वच घरे बरी दिसतात. ज्याने आपले अंगण नीट केले आहे त्याने गिऱ्हाइकाला एकदा भर आषाढातही बोलवावे. कौलांवरून पागोळ्या गळत आहेत, पन्हळीतून पाणी खळखळत बाहेर चालले आहे आणि ओसरीवर बसलेल्या पाहुण्याची चप्पल पायरीवर कोरडी आहे, असे दृश्य ज्या घरी दिसते, त्या घराची मजबुती वेगळी पटवून द्यावी लागत नाही.